स्पीकरचं कव्हर उसवून आवाज ऐकण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक तक्रार कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडे.

दिनांक : ९, सोमवार

विषय : आमच्याच बाजूने लागलेला निकाल रद्द करून, चूक नसलेल्या दुकानदाराचं दुकान वाचवण्याबाबत.

संदर्भ : १) आमची मूळ तक्रार. २) तिच्यावरचा आपला निकाल. ३) त्यानंतरचे आमचे तीन अर्ज. ४) त्यांना आलेली आपली तीन उत्तरं, ज्यांतला मजकूर एकच आहे.

महोदय,

मुद्दा आधीच सांगितलेला बरा, कारण मागचे तीन अर्ज पहिल्या परिच्छेदापुढे कुणी वाचलेच नाहीत असा अर्जदारांचा अंदाज आहे. येत्या सोमवारी, १६ तारखेला, चौकातल्या स्पीकरवाल्या दादांच्या दुकानाला आपल्या निकालाप्रमाणे सील लागणार आहे. त्याच दिवशी आपल्या कोठीत जमा असलेला आमचा स्पीकर हातोडा घालून नष्ट होणार आहे. हे दोन्ही थांबवायचं आहे. दादांची काही चूक नाही. स्पीकरची तर मुळीच नाही. चूक अर्जदारांची आहे आणि ती कशी झाली ते खाली लिहिलं आहे. कृपया या वेळी शेवटपर्यंत वाचावं.

अर्जदार सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. सगळे त्यांना कुशनवाले म्हणतात, त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नाही. हा अर्ज त्यांच्या धाकट्या मुलीने लिहिला आहे, कारण अर्जदारांचं अक्षर फोमवर खडूने खुणा करण्यापुरतंच बरं आहे. अर्जदार शेजारी बसून सांगतायत आणि मधेच "हे नको लिहूस" म्हणतायत. जे नको म्हणाले तेही लिहिलेलं आहे, कारण नेमकं तेच महत्त्वाचं आहे.

१) स्पीकर का घेतला, इथपासून. अर्जदारांच्या आईला, म्हणजे आजीला, कमी ऐकू येतं. अर्जदारांची बहीण, म्हणजे आत्या, लांबच्या गावी इस्पितळात नर्स आहे. तिच्या पाळ्या अशा, की आजी जागी असते तेव्हा ती कामावर आणि ती मोकळी होते तेव्हा आजी झोपलेली. म्हणून आत्या आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बोलून रेकॉर्ड करून पाठवते. काय खाल्लं, कुठला पेशंट कसा भांडला, खोलीमालकीण किती खडूस आहे, सगळं. आजी ते फोनवर ऐकायची, तर म्हणायची, "ही चिमणीसारखी काय चिवचिवतेय, एक शब्द कळत नाही." मग घरातला जुना, मोठ्या खोक्याएवढा स्पीकर लावून बघितला. त्यात आत्यापेक्षा खोक्याची फळीच जास्त बोलायची.

तेव्हा अर्जदारांनी ठरवलं, घ्यायचा तर चांगलाच घ्यायचा. दादांच्या दुकानात तीन वेळा गेले. दादा म्हणाले, "काका, छोटा आहे पण बोलणं असं स्वच्छ येतं, की माणूस समोर बसलाय असं वाटतं." किंमत ऐकून अर्जदार घरी आले आणि माझ्या आईजवळ, म्हणजे त्यांच्या बायकोजवळ, बसून म्हणाले, "चार सोफे." घरात कुठल्याही वस्तूची किंमत अशीच सांगतात, किती सोफ्यांची मजुरी त्यावरून. फ्रिज सहा सोफे होता. डब्याएवढ्या स्पीकरला चार सोफे म्हटल्यावर आई म्हणाली, "त्यात बसता तरी येतं का?" तरी अर्जदारांनी घेतला. आत्याचा आवाज आजीला नीट यावा, एवढंच होतं.

२) आता चूक. अर्जदारांच्या घरात उघडी वस्तू वापरत नाहीत. हे कुणी भिंतीवर लिहिलेलं नाही, पण पहिल्यापासून आहे. रिमोटला कव्हर आहे, मिक्सरला आहे, आजीच्या काठीच्या मुठीला आहे, शिलाई मशीनला तर दोन आहेत, एक रोजचं आणि एक पाहुणे आले की घालायचं. अर्जदारांच्या धंद्यात कव्हर नसलेली वस्तू म्हणजे अर्धवट वस्तू. ती गिऱ्हाइकाला देत नाहीत आणि घरात सुरूही करत नाहीत. त्यामुळे स्पीकर घरी आला तेव्हा तो लावून कुणी बघितलाच नाही. मापं घेतली, टेबलावर ठेवला, त्याच्यावर एक रुमाल टाकला आणि सगळे जेवायला बसलो.

कव्हर शिवायला दोन दिवस लागले. अर्जदारांनी असं कव्हर आयुष्यात दुसरं शिवलेलं नाही. आत बोटभर जाडीचा फोम, दोन थर. वर सोफ्याचं सगळ्यात घट्ट विणीचं राखाडी कापड, जे एका गिऱ्हाइकाने महाग म्हणून परत केलं होतं. कडेला काळी पायपिंग, म्हणजे आत दोरी घालून शिवलेली किनार. वरच्या बटणांच्या जागी अधिक-वजाच्या खुणा रेशमी दोऱ्याने भरलेल्या, म्हणजे कापडावरूनच बटण दाबता येईल. वायरीसाठी पितळी कडं. तळाला आतून बंद शिवण, बाहेरून टाका दिसणार नाही अशी. आणि कंपनीचा धातूचा छोटा बिल्ला झाकला जाऊन कंपनीचा अपमान होऊ नये म्हणून तो काढून बाहेरच्या बाजूला बसवला. महोदय, पुढचं सगळं या बिल्ल्यामुळे झालं. अर्जदार आत्ता म्हणाले, "बिल्ल्याचं नको लिहूस."

३) कव्हर घालून स्पीकर सुरू केला. सगळे गोल बसलो. आत्याचा नवा निरोप लावला. आजीने अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "पोरीला सर्दी झालीय."

आवाज असा येत होता, की आत्या उशीत तोंड खुपसून बोलतेय. पूर्ण मोठा केला तर मोठ्या उशीत. आजीने लगेच निरोप पाठवायला लावला, की गरम पाण्याच्या गुळण्या कर. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही. चौथ्या आठवड्यात आत्याने फणकाऱ्याने सांगितलं, "मी ठणठणीत आहे. मी स्वतः नर्स आहे. मला गुळण्या सांगणं बंद करा." ते ऐकून आजी म्हणाली, "बघ, चिडचिडही व्हायला लागली. ताप असणार." आणि त्या दिवशी तिने तोंडाला लावलेला घास खाली ठेवला. आजी रडत नाही, ती फक्त जेवत नाही. अर्जदारांना ते बघवलं नाही.

म्हणून तक्रार केली. ती तक्रार अर्जदारांच्या मुलीने लिहिली होती, मोठ्या उत्साहाने, एका बैठकीत. अर्जदारांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, की किमतीच्या मानाने आवाज नाही, बदलून मिळावा. "अशा दुकानदारावर कडक कारवाई करून त्याचे सर्व स्पीकर तपासावेत, जेणेकरून इतर भोळ्या ग्राहकांची फसवणूक टळेल" हे वाक्य तिने स्वतःच्या मनाने घातलं, कारण ते लिहिताना भारी वाटत होतं. आज त्याच वाक्यावर दुकान बंद पडतंय. ही कबुली तिने स्वतःहून लिहिली आहे, अर्जदारांनी सांगितलेली नाही.

४) आपल्या कार्यालयाचे तपासनीस साहेब घरी आले. सज्जन माणूस. चपला बाहेर काढून आत आले, मीटर काढलं, एकदा समोरून आणि एकदा बाजूने आवाज मोजला. आवाज असायला हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. मग त्यांनी स्पीकरवरून हात फिरवला, पायपिंग बघितली, बिल्ला बघितला आणि म्हणाले, "आवाजाचं सोडा, पण बाहेरचं काम मात्र नंबर एक आहे. काय फिनिशिंग आहे." साहेबांना वाटलं ते कंपनीचं कौतुक करतायत. अर्जदारांना वाटलं आपलं करतायत. अर्जदार लाजून म्हणाले, "आता एवढं तर करावंच लागतं." साहेबांनी मान डोलावली. अहवालात लिहिलं गेलं : बाह्य बांधणी उत्कृष्ट, आवाज निकृष्ट.

सुनावणीला दादा एकटेच आले होते. आले आणि टेबलावरचा स्पीकर बघून म्हणाले, "साहेब, या मॉडेलला असं कापड येतच नाही." तेव्हा आपण अर्जदारांना विचारलंत, की वस्तू पहिल्या दिवसापासून अशीच आहे का, तुम्ही तिला काही केलंत का. अर्जदारांनी उत्तर दिलं, "पहिल्या दिवसापासून अशीच आहे. आम्ही तिला काही केलेलं नाही, उलट जपलंय." महोदय, अर्जदार खोटं बोलले नाहीत. कव्हर घालणं म्हणजे वस्तूला काही करणं, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. आपण भांग पाडून बाहेर पडलो आणि कुणी विचारलं डोक्याला काही केलंस का, तर नाहीच म्हणू. पण ते उत्तर ऐकून दादांनी आपलं म्हणणं मागे घेतलं. अर्जदारांची मुलगी शेजारीच होती, तिनेही मान हलवली. तिला तर वाटलं आपण जिंकतोय.

आणि जिंकलोच. आदेश निघाला : पैसे परत, १६ तारखेला दुकानातला सगळा माल सीलबंद आणि दुकान बंद, आणि आमचा स्पीकर नमुना म्हणून जमा.

५) खरं कसं कळलं ते आता. निकालानंतर तीन आठवड्यांनी अर्जदार आणि त्यांची मुलगी दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात खुर्च्यांच्या गाद्या बदलायला गेले होते. बाहेरच्या खोलीत आठ खुर्च्या. अर्जदारांनी सगळ्या गाद्या काढून ठेवल्या होत्या, फक्त लाकडी चौकटी उभ्या. आणि कोपऱ्यातल्या फळीवर तोच स्पीकर. तोच बिल्ला. पण नुसताच, जाळी दिसतेय असा.

अर्जदारांना आधी कीव आली. बाईंना म्हणाले, "मॅडम, याचं कव्हर धुवायला दिलंय का?" बाई म्हणाल्या, "कसलं कव्हर?" आणि त्यांनी स्पीकर लावला. कुणीतरी बाई मुलांना गोष्ट सांगत होती, रडक्या पेशंटसाठी लावतात तसली. महोदय, ती बाई खोलीत होती. तिने मधेच श्वास घेतला तो ऐकू आला. एकदा तिने पान उलटलं ते ऐकू आलं.

अर्जदार खाली बसले. गादी नसलेल्या खुर्चीवर, जिची गादी त्यांनीच काढली होती. चौकटीत अडकले आणि तरी उठले नाहीत. बराच वेळ ऐकून मुलीला म्हणाले, "चार सोफ्यांचा आहे हा. पाच म्हणाला असता तरी दिले असते." मग म्हणाले, "त्या पोराला आपण काय केलं."

मूळ तक्रारीतला प्रश्न हाच होता, की वस्तू किमतीला उतरते की नाही. त्याचं उत्तर अर्जदार या अर्जाद्वारे देत आहेत. उतरते.

६) त्याच संध्याकाळी दोघं दादांकडे गेले. दादा माल मोजून सीलबंद करायची यादी लिहीत होते. त्यांच्या बायको दुसऱ्या बाजूने फळ्या पुसत होत्या, माल जाणार तरी पुसत होत्या. अर्जदारांनी सगळं सांगितलं. दादा ऐकून घेऊन म्हणाले, "काका, मला तेव्हाच वाटलं होतं कुणीतरी शिवलंय. पण तुम्ही असं ठामपणे बोललात, की मीच घरी जाऊन कॅटलॉग काढून बघितला. म्हटलं आपल्यालाच माहीत नसेल." त्यांच्या बायको म्हणाल्या, "आता येऊन काय उपयोग. पंधरा दिवसांत अपील करायचं होतं, ते संपले." त्यांनी पाणी मात्र दिलं. अर्जदार ते पाणी प्यायले नाहीत, हातात धरून बसले.

७) म्हणून आम्ही आपल्याकडे आलो. आणि महोदय, इथून पुढे जे झालं ते समजून घ्यायचा आम्ही मनापासून प्रयत्न केला, पण जमलं नाही.

पहिल्या अर्जाला उत्तर आलं : "अर्जदाराच्या बाजूने निकाल लागलेला असल्याने अर्जदारास तक्रार असू शकत नाही. प्रकरण बंद." दुसऱ्या अर्जात आम्ही लिहिलं, की आमची तक्रार आमच्याविरुद्ध आहे. उत्तर तेच. समोर येऊन विचारलं तर खिडकी क्रमांक चारच्या बाई म्हणाल्या, की अर्ज फक्त नाराज पक्ष करू शकतो. अर्जदार म्हणाले, "मी नाराज आहे." बाई म्हणाल्या, "तुम्ही जिंकलेले आहात, तुम्ही नाराज नाही, तसं इथे लिहिलंय." नाराज पक्ष म्हणजे दादा. दादांची मुदत संपलेली. म्हणजे ज्याला बोलायचा हक्क आहे त्याला बोलता येत नाही आणि ज्याला बोलायचंय त्याला हक्क नाही.

तिसऱ्या अर्जात आम्ही विनंती केली, की फक्त कव्हर काढून एकदा आवाज ऐका, पाच मिनिटांचं काम आहे. लेखी उत्तर तेच आलं, पण तोंडी सांगण्यात आलं, की नमुन्याचं सील फक्त नष्ट करण्याच्या दिवशीच उघडता येतं. म्हणजे हातोडा घालायच्या आधी काही क्षण स्पीकर निर्दोष आहे हे सिद्ध करता येईल. त्यासाठी वेगळा अर्ज लागेल का, हे विचारायचं राहिलं.

मग सांगण्यात आलं, की पुरावा म्हणून ते कव्हर जोडा. कव्हर स्पीकरवर आहे, स्पीकर सीलमध्ये आहे, सील कोठीत आहे. तरी अर्जदारांनी एका दिवसात तसंच दुसरं कव्हर शिवलं, तोच फोम, तेच कापड, फक्त तळ उघडा ठेवला, आणि बुधवारी खिडकी क्रमांक चारवर जमा केलं. पोचपावतीवर त्याची नोंद पुरावा क्रमांक दोन अशी आहे, ती सोबत आहे.

८) आता हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिणं भाग आहे. ते कव्हर बाईंना फार आवडलं. खिडकी क्रमांक चारवर जो छोटा स्पीकर टोकन नंबर पुकारतो, त्याच्यावर धूळ बसते म्हणे. मापही योगायोगाने बसलं. तेव्हापासून पुरावा क्रमांक दोन त्या स्पीकरवर आहे.

आणि त्या दिवसापासून खिडकी क्रमांक चारचे नंबर कुणाला ऐकू येत नाहीत. गेल्या शुक्रवारी अर्जदार आणि त्यांची मुलगी सकाळी साडेदहापासून बसले होते, टोकन सदतीस. पुढच्या बाकावरचे पेन्शनवाले आजोबा म्हणाले, "आज आत कुणी घशाच्या आजाराने बसलंय वाटतं." एक बाई बाळ घेऊन तीनदा उठून खिडकीशी जाऊन आल्या. दुपारी दीडला अर्जदारांची मुलगी खिडकीशी गेली, तर बाई म्हणाल्या, "सदतीस नंबर सव्वाअकरालाच पुकारला. तुम्ही लोक लक्ष देत नाही." अर्जदार मागे उभे होते. त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेल्या कव्हराकडे बघितलं आणि टोकन खिशात ठेवलं. त्यांच्या मुलीला ते आजीने घास खाली ठेवण्यासारखं वाटलं.

९) तरी आमची विनंती अशी. कोठीचं सील उघडायची गरज नाही. मुदत, हक्क, नाराज कोण आणि खूश कोण, यातलं काहीही बदलायची गरज नाही. आम्ही गुरुवारी, १२ तारखेला, सकाळी अकरा वाजता बाहेरच्या बाकावर बसू. पेन्शनवाले आजोबा असले तर त्यांच्याच शेजारी. दादांना आणि त्यांच्या बायकोलाही बोलावलं आहे, ते येतो म्हणालेत. आपण कृपया स्वतः खिडकी क्रमांक चारशी येऊन उभं राहावं आणि बाईंना आमचा नंबर दोनदा पुकारायला सांगावं, एकदा कव्हर घालून आणि एकदा कव्हर काढून. पहिल्या वेळी आम्ही जागेवरच बसून राहू. दुसऱ्या वेळी उठून येऊ.

एवढं बघितल्यावर निकाल मागे घ्यायचा की नाही, हे आपण ठरवावं. मागे घेतला तर आपल्यासमोर कोठीतल्या स्पीकरचं कव्हर अर्जदार स्वतः उसवतील. आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या शिवणी हजारदा उसवल्या, स्वतःची एकदाही नाही. ते म्हणतात, चालेल. स्पीकर घरी नुसताच ठेवू, असंही म्हणाले. आईला आधी खरंच वाटलं नाही.

आत्याचे सात आठवड्यांचे निरोप अजून न ऐकता ठेवले आहेत. आजीने सांगितलंय, पोरगी बरी झाली की लावा.

आपले नम्र, जिंकलेले आणि तरीही नाराज,

(सही)
कुशनवाले
अर्जदार

लेखन : अर्जदारांची धाकटी मुलगी (कडक कारवाईचं वाक्य हिचंच)

सोबत :
१) परताव्याचा धनादेश, बँकेत न भरलेला.
२) आधीच्या तीन अर्जांच्या प्रती आणि त्यांच्या एकाच उत्तराच्या तीन प्रती.
३) दाताच्या डॉक्टरीणबाईंचं सही-शिक्क्याचं पत्र, की त्यांच्या स्पीकरला कव्हर नव्हतं, नाही आणि त्या घालूही देणार नाहीत.
४) पुरावा क्रमांक दोनची पोचपावती. पुरावा खिडकी क्रमांक चारवर बघावा.
५) टोकन क्रमांक सदतीस, न वापरलेलं.
६) कात्री. जोडलेली नाही. अर्जदार गुरुवारी घेऊन येतील.